चौथ्या पलंगावरचा रुग्ण

मित्रांनो, माझ्या मानेमागे साच्यातच उमटवलेले एक साल आहे. ते आता इतके झिजले आहे की बोटाने चाचपून वाचावे लागते. परिचारिकांनी सराव करावा म्हणून बनवलेला मी एक जुना पुतळा आहे. मला हृदय नाही, पण छातीत रबरी फुगा आहे. रक्त नाही, पण दंडातल्या नळ्यांतून लाल पाणी सोडता येते. मला दुखत नाही. ज्यांना दुखते अशांच्या आधी माझ्याकडे यावे, एवढ्यासाठीच मी जन्मलो.

कारखान्यात माझे धड एका साच्यातून निघाले, हातपाय दुसऱ्यातून. चेहरा रंगवणाऱ्या बाईला त्या दिवशी घाई असावी, कारण माझी डावी भुवई जरा वर गेली. त्यामुळे मी कायम काळजीत पडलेला दिसतो. मग मला खोक्यात घालून कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात पाठवले. बदामाच्या बागा आणि टोमॅटोचे कारखाने यांच्यामध्ये जे कम्युनिटी कॉलेज आहे, तिथल्या चौथ्या पलंगावर मी पडलो आणि अनेक वर्षे तिथेच राहिलो. सोमवारी मी मिस्टर हॅनिगन असे. गुरुवारी डोक्यावर केसांचा टोप चढवला की मिसेस हॅनिगन.

या कॉलेजात कोणालाही येता येते. शाळेत पहिला आलेलाही येतो आणि शाळा अर्ध्यात सोडलेलाही येतो. कारखान्यातली पाळी संपवून, मूल शेजारणीकडे ठेवून, गाडीतच कपडे बदलून माणसे येतात. दोन वर्षे इथे काढायची, मग कामाला लागायचे किंवा मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचे, अशी इथली रीत. परिचारिकांच्या वर्गाचे मात्र तसे नाही. अर्ज खूप आणि जागा थोड्या, म्हणून नावांची सोडत निघते. सोडतीत नाव येईपर्यंत काहींची वर्षे जातात.

त्या वर्गाच्या शिक्षिका मिसेस ट्रुएट. उंच, सडपातळ, आवाज कधी न चढणाऱ्या. त्यांनी आधी अतिदक्षता विभागात काम केले होते. त्या मला कधी 'पुतळा' म्हणाल्या नाहीत. 'पलंग चारवरचे रुग्ण' म्हणत. माझ्या पोटावर कोणी बॉलपेन ठेवले तर त्या गप्पपणे ते उचलत आणि ठेवणाऱ्याकडे बघत. शाई माझ्या कातड्यात उतरली की निघत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

ओडिलिया बारागान त्यांच्या वर्गात आली तेव्हा तिच्या केसांत एक पांढरी बट होती. शहराबाहेरच्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात ती कित्येक वर्षे मदतनीस होती. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणे, कूस बदलणे, भरवणे ही तिची कामे. औषध द्यायचा, सुई टोचायचा अधिकार तिला नव्हता. तो मिळवायचा म्हणून तिने या कॉलेजात शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे एकेक विषय संध्याकाळी बसून पुरे केले. गणितात ती एकदा आपटली आणि पुन्हा बसली. मग सोडतीत नाव यायची वाट बघितली. नाव आले ते फार उशिरा.

उशिराचा अर्थ असा. शास्त्राचे विषय ठरावीक वर्षांपेक्षा जुने झाले की कॉलेज ते धरत नाही. ओडिलियाचे विषय त्या हद्दीच्या अगदी कडेला होते. वर्गातून एकदा बाहेर पडली असती तर पुन्हा आत येताना ते सगळे शिळे ठरले असते आणि तिला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली असती. हे तिने वर्गात फक्त एकीला सांगितले होते. ती माइसी लोर, तिची सरावाची जोडीदार. माइसी शाळेतून नुकतीच सुटलेली, लाओसमधून आलेल्या ह्मोंग लोकांच्या घरातली, जिभेला हाड नसलेली. ती ओडिलियाला मावशी म्हणे.

आता ज्या चाचणीवर सगळे येऊन ठेपले, ती सांगतो. रुग्णाला लघवीची नळी घालायची. आत जंतू जाता कामा नयेत, म्हणून सगळे निर्जंतुक. संच उघडायचा, निर्जंतुक हातमोजे घालायचे. मग डावा हात रुग्णाच्या अंगाला लागतो आणि तो मळका झाला असे धरतात. उजवा हात शेवटपर्यंत स्वच्छ राहिलाच पाहिजे. तो किंवा त्यातली नळी संचाबाहेरच्या कशालाही लागली आणि तुम्हाला कळले नाही, तर तुम्ही नापास. कळले, तर बोलून दाखवायचे, नवा संच घ्यायचा आणि पुन्हा सुरू करायचे. घड्याळ मात्र थांबत नाही. पंधरा मिनिटे मिळतात. असे तीन वेळा करून बघता येते. तिसऱ्यांदाही जमले नाही, तर वर्ग सोडावा लागतो.

पहिल्या चाचणीत ओडिलियाने हात सुरेख धुतले. संच उघडताना कागद फाटू दिला नाही. हातमोजे एका झटक्यात चढवले. मग नळी उचलायच्या आधी तिने उजव्या हाताने माझ्या गुडघ्यावरची सरकलेली चादर नीट केली.

"थांब," मिसेस ट्रुएट म्हणाल्या.

ओडिलिया थांबली. काय झाले ते तिला कळले नव्हते.

"उजवा हात कुठे होता तुझा?"

ओडिलियाने हाताकडे पाहिले, चादरीकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर माइसी म्हणाली, "मावशी, त्याला थंडी वाजत नाही. तो प्लास्टिकचा आहे."

"प्लास्टिकचा असला म्हणून काय झालं? उघडा पडला होता."

"मग स्वेटर विण त्याच्यासाठी. पण हातमोजे काढल्यावर."

मित्रांनो, ही चूक नवख्याच्या हातून होत नाही. नवख्याला माझ्या उघडेपणाचे काही वाटत नाही. ज्याने वर्षानुवर्षे म्हाताऱ्या माणसांची लाज झाकली आहे, त्याचाच हात न विचारता चादरीकडे जातो. पण चाचणीला कारणे चालत नाहीत. मलाही चालली नसती, मी खरा रुग्ण असतो तर.

दुसऱ्या वेळी तिने चादरीकडे पाहिलेही नाही. काम अर्ध्यावर आले होते. नळी आत जाणार, एवढ्यात ती हलक्या आवाजात म्हणाली, "थोडं टोचेल हं." आणि तिचा उजवा हात माझ्या पोटरीवर टेकला. थोपटायला. क्षणभरच.

"थांब," मिसेस ट्रुएट म्हणाल्या.

या वेळी ओडिलियाला लगेच कळले, पण उशिरा कळले. शिक्षिकेने बोलून दाखवल्यावर कळणे धरत नाहीत. तिने हातमोजे उलटे करून काढले, डब्यात टाकले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. खोलीत आम्ही तिघेच होतो.

"तुझे हात चांगले आहेत, ओडिलिया," मिसेस ट्रुएट म्हणाल्या. "पण ते तुझं ऐकत नाहीत. रुग्णाचं ऐकतात."

"बारा वर्षांची सवय आहे, मॅडम."

"मला माहीत आहे. म्हणून तर भीती वाटते. तू वॉर्डात गेलीस की सगळ्यांना आवडशील. कोणी तुझ्या हाताकडे बघणारच नाही."

"एक वेळ राहिलीय."

"हो. पुढच्या आठवड्यात. मी तुला सूट देणार नाही. मागू नकोस."

"मागितली नव्हती," ओडिलिया म्हणाली. तिचा आवाज सरळ होता.

त्या आठवड्यात रोज वर्ग सुटल्यावर त्या दोघी माझ्याकडे येत. माइसीने एक युक्ती काढली. ती माझ्या उशीजवळ बसायची आणि माझ्या वतीने कण्हायची.

"आई गं. मेलो. पाय उघडा पडलाय माझा. कोणी झाकेल का?"

ओडिलियाचा हात हलायचा. माइसी टेबलावर थाप मारायची. "हललीस. नापास. चल, पहिल्यापासून."

"तुझं तोंड बंद ठेवशील का जरा?"

"रुग्ण तोंड बंद ठेवतात का, मावशी? माझी आजी दवाखान्यात होती तेव्हा तिने तिन्ही पाळ्यांच्या नर्सना शिव्या दिल्या. तेही आमच्या भाषेत, म्हणून बरं. धीर तोंडाने दे ना. हात कशाला पाहिजे?"

तोंडाने धीर देणे ओडिलियाला जमत नव्हते. ती शब्दांची बाई नव्हती. पण ती शिकली. नळी धरलेला हात स्थिर ठेवून ती म्हणायची, "मी इथेच आहे. संपत आलं. गुडघा झाकते हं, एवढं झालं की." म्हणताना खांदा आवळला जायचा, हात तिकडे धाव घ्यायला बघायचा आणि ती तो धरून ठेवायची. एकदा तिला घाम फुटला. माइसी कण्हायची थांबली. "बस आता मावशी. घरी जा."

"पुन्हा," ओडिलिया म्हणाली.

चाचणीच्या सकाळी खोऱ्यात दाट धुके उतरले होते. आमच्याकडच्या हिवाळी धुक्यात समोरच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. शाळांच्या बसगाड्या उशिरा सोडतात. कॉलेज मात्र चालू असते. ओडिलिया रात्रपाळी करून थेट आली होती आणि वेळेच्या आधी दारात उभी होती. मिसेस ट्रुएट यांनी माझ्या पोटातली पाण्याची पिशवी भरली. नळी बरोबर जागी गेली की तेच पाणी बाहेर येते. मग त्यांनी घड्याळ लावले.

"पलंग चारवरचे रुग्ण मिस्टर हॅनिगन," त्या म्हणाल्या. "कर सुरू."

ओडिलियाने हात धुतले. नाव विचारले, मनगटावरची पट्टी पाहिली. चादर नीट केली, हातमोजे घालण्याआधी. संच उघडला. ती सावकाश करत होती. नेहमीपेक्षा जास्त सावकाश. मला काळजी वाटत होती, आणि या वेळी ती भुवईमुळे नव्हती. कापड पसरले. औषधात बुडवलेल्या कापसाने पुसले. डावा हात ठेवला, तो आता मळका. उजव्याने नळी उचलली.

त्या क्षणी दार उघडले. धुक्यात अडकलेली एक मुलगी धापा टाकत आत आली. मिसेस ट्रुएट वळल्या आणि म्हणाल्या, "बाहेर थांब." दार पुन्हा लागेपर्यंत त्यांची पाठ आमच्याकडे होती.

दाराच्या आवाजाने ओडिलियाचे मनगट किंचित खाली गेले. नळीचे टोक निर्जंतुक कापडाच्या कडेबाहेर, माझ्या मांडीवरच्या चादरीला लागले. लागले म्हणजे केवळ टेकले आणि उचलले गेले. माझे डोके उशीवर उंच केलेले असते, म्हणून ते मला स्पष्ट दिसले. तिलाही दिसले.

मिसेस ट्रुएट परत वळल्या तेव्हा नळी हवेत होती आणि हात स्थिर होता. कोणत्याही कोनातून पाहिले असते तरी चाचणी निर्दोष चालली होती. घड्याळावर पाच मिनिटे उरली होती. उरलेले काम दोन मिनिटांचे. नव्या संचापासून सुरू करायचे तर ओडिलियाला पाच मिनिटे कधीच पुरली नव्हती. माइसीसमोर नाही, एकटीने नाही.

ती तशीच उभी होती. माझ्याकडे बघत होती. मला पापण्या आहेत, पण त्या कोणी बोटाने ओढल्याशिवाय मिटत नाहीत.

"काय झालं?" मिसेस ट्रुएट म्हणाल्या.

"नळी चादरीला लागली," ओडिलिया म्हणाली. "मला नवा संच हवा."

मिसेस ट्रुएट तिच्याकडे पाहत राहिल्या. "घड्याळ थांबणार नाही."

"माहीत आहे."

नवा संच कपाटात होता. मिसेस ट्रुएट यांनी तो आणला आणि ट्रॉलीवर ठेवला. भराभर नाही, रेंगाळूनही नाही. ओडिलियाने जुने हातमोजे टाकले, हात पुन्हा स्वच्छ केले. आता तिच्या हालचालीत सावकाशपणा नव्हता, पण घाईही नव्हती. मला वाटते, तिने ती चाचणी मनातून सोडून दिली होती आणि फक्त काम उरले होते. कागद उघडला. हातमोजे चढले. कापड पसरले. पुसून झाले. ओठ हलत होते. "मी इथेच आहे. संपत आलं." नळी आत गेली. पाणी आले नाही.

तिने श्वास रोखला. जबरदस्ती केली नाही. नळी अगदी थोडी पुढे सरकवली आणि पाणी आले, लघवी जमवायच्या पिशवीच्या नळकांडीतून थेंब थेंब, मग धार. नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाचा फुगा भरला. हलकेच ओढून पाहिले. नळी मांडीला चिकटवली. पिशवी टांगायची राहिली होती. ती पलंगाच्या कठड्याला टांगली तर कठडा खालीवर करताना नळी ओढली जाते. खालच्या चौकटीलाच टांगावी लागते. घाईत बहुतेक जण कठडा पकडतात. ओडिलिया वाकली, चौकट चाचपली, आकडा अडकवला आणि सरळ झाली.

"झालं," ती म्हणाली.

मिसेस ट्रुएट यांनी घड्याळाकडे पाहिले. ओडिलियाने हातमोजे काढले. गुडघ्यावरची चादर नीट केली, कारण आता करायला हरकत नव्हती.

"वेळेत," मिसेस ट्रुएट म्हणाल्या. "थोडक्यात, पण वेळेत."

ओडिलिया माझ्या पलंगाच्या कडेला बसली. विद्यार्थ्यांनी पलंगावर बसायचे नाही असा नियम आहे. मिसेस ट्रुएट यांनी तो त्या दिवशी सांगितला नाही.

"मी पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुला ते माहीत होतं."

"हो."

"मग?"

ओडिलियाने माझी उशी सारखी केली. "आमच्या शुश्रूषागृहात एक आजोबा होते. बोलके. रोज मला लग्नाची मागणी घालायचे. नळीतून जंतू गेले त्यांना. नळी कोणी घातली, काय चुकलं, कोणाला माहीत नाही. घालणाऱ्यालाही नसेल. की असेल? मी फक्त ताप आल्यावर चादरी बदलत होते. तेवढाच अधिकार होता मला."

मिसेस ट्रुएट यांनी मान हलवली आणि दार उघडून पुढच्या मुलीला आत बोलावले.

पुढचे मला लोकांच्या बोलण्यातून कळले, कारण मी पलंगावरून उठत नाही. ओडिलियाने परवान्याची परीक्षा दिली आणि शेजारच्या शहरातल्या इस्पितळात लागली. कामावर असतानाच तिने राज्य विद्यापीठात प्रवेश घेतला. इथली दोन वर्षे तिथे धरली गेली आणि ती थेट वरच्या वर्गात बसली. तिच्या वर्गात बहुतेक मुले शाळेतून सरळ विद्यापीठात आलेली. काहींनी तिला विचारले, 'तू कुठल्या कॉलेजची?' तिने नाव सांगितले तर त्यांनी ते ऐकलेले नव्हते. माइसीने हा प्रसंग मिसेस ट्रुएट यांना रंगवून सांगितला. "मावशी म्हणाली, 'बदामाच्या बागांमधलं. माझ्या अंगाला वास आला नाही का अजून?'"

मग ओडिलिया इस्पितळाच्या संसर्ग-प्रतिबंध विभागात गेली. कोणत्या वॉर्डात नळीतून जंतू शिरले, का शिरले, पुढे शिरू नयेत म्हणून काय करायचे, हेच तिचे काम. मित्रांनो, माणूस जिथे दोनदा चुकतो, तिथेच त्याचे पुढचे काम उभे राहू शकते. फक्त तिथे त्याला तिसऱ्यांदा उभे राहू देणारी जागा असावी लागते.

माझे दिवस मात्र फिरले. कॉलेजात नवा पुतळा आला. तो श्वास घेतो, घामेजतो, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या करतो. विचारले तर "छातीत दुखतंय" म्हणतो. नळीचे टोक कुठे लागले तर शिटी वाजवतो. मला चौथ्या पलंगावरून उचलून सामानाच्या खोलीत ठेवले. माझा एक पाय निखळला. कोणीतरी माझ्या छातीवर जुने वर्तमानपत्र टाकले आणि त्याची अक्षरे माझ्या कातड्यावर उलटी उमटली. ती अजून आहेत. टाकून द्यायच्या सामानावर लाल चिठ्ठी लावतात. ती मला लागली.

मिसेस ट्रुएट निवृत्त व्हायच्या वर्षी इस्पितळाकडून ओडिलिया नवी प्रयोगशाळा पाहायला आली. त्या दोघी सामानाच्या खोलीबाहेर उभ्या होत्या. दार उघडे होते.

"शिटीमुळे मुलं भराभर शिकतात," मिसेस ट्रुएट म्हणाल्या. "चूक झाली की लगेच कळतं."

"आणि वॉर्डात?" ओडिलियाने विचारले. "तिथे शिटी कोण वाजवणार?"

मिसेस ट्रुएट हसल्या. मी त्यांना फार थोड्या वेळा हसताना पाहिले होते.

"सराव त्या नव्यावर करू द्या," ओडिलिया म्हणाली. "शेवटची चाचणी याच्यावर घ्या. हा काही बोलत नाही."

म्हणून माझी लाल चिठ्ठी निघाली. पाय बसवला, तो जरा वाकडा बसला आहे. आता वर्षातून काही दिवसच मला बाहेर काढतात, पण ते दिवस सर्वांत कठीण असतात. विद्यार्थी माझ्याजवळ येतो, हात धुतो, संच उघडतो आणि खोलीत कोणताच आवाज होत नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. माझ्यावर पेन ठेवू नका, वर्तमानपत्र पसरू नका, काम झाले की ओल्या फडक्याने पुसून ठेवा. आणि माझ्यावर हव्या तितक्या चुका करा. मी त्यासाठीच आहे. इथे चुकलात तर कोणाला ताप येत नाही. पण चूक झाली की तोंडाने सांगा, कोणी पाहिली नसली तरी. सांगितलेली चूक याच खोलीत राहते. लपवलेली तुमच्याबरोबर दारातून बाहेर पडते, आणि बाहेर ज्यांना खरोखर दुखते ते पडलेले असतात.